मनोराज्याची उचल

मार्च १८३७मध्ये इंग्लंडचे राजकवी रॉबर्ट साउदी यांनी यॉर्कशायरमधल्या एका तरुण शिक्षिकेच्या पत्राला उत्तर पाठवलं. तिनं आपल्या कविता त्यांच्याकडे अभिप्रायासाठी धाडल्या होत्या आणि मोठी कवयित्री होण्याची इच्छाही न लाजता कळवली होती. साउदींनी तिचे गुण मान्य केले, पण दोन गोष्टी बजावल्या. साहित्य हा बाईच्या आयुष्याचा उद्योग होऊ शकत नाही, ही पहिली. ती आज जगभर कुप्रसिद्ध आहे. दुसरी फारशी कुणाच्या लक्षात नाही. ज्या दिवास्वप्नांची तू सवय लावून घेतली आहेस त्यांनी मनाची घडी बिघडते, रोजची कामं बेचव वाटायला लागतात, माणूस त्या कामांना निकामी होतो आणि दुसऱ्याही कशाच्या उपयोगी पडत नाही, असा त्या इशाऱ्याचा आशय होता.

शिक्षिकेचं नाव शार्लट ब्राँटे. दहा वर्षांनी तिची ‘जेन आयर’ आली आणि पहिल्या मुद्द्यावर साउदी खोटे ठरले. दुसऱ्या मुद्द्यावर मात्र त्यांनी दुखणं अचूक ओळखलं होतं. शार्लट त्या काळात खरोखर दोन जगांत राहत होती, आणि त्यातलं एक जग दुसऱ्याचा घास घेत होतं.

त्या मनातल्या जगाची सुरुवात जून १८२६मधली. हॉवर्थ गावचे पाद्री पॅट्रिक ब्राँटे लीड्सहून परतताना मुलासाठी लाकडी शिपायांची पेटी घेऊन आले. घरातलं दुःख अजून ताजं होतं. पाच वर्षांपूर्वी आई गेली होती, आणि आदल्याच वर्षी मारिया आणि एलिझाबेथ या थोरल्या दोघी बहिणी. उरलेल्या चौघांनी, म्हणजे शार्लट, ब्रॅनवेल, एमिली आणि ॲन यांनी, एकेक शिपाई उचलला. शार्लटनं आपल्या शिपायाला ड्यूक ऑफ वेलिंग्टन केलं, ब्रॅनवेलनं आपल्याला नेपोलियन. मग शिपायांना नगर मिळालं, नगराला राज्य, राज्याला लढाया, मासिकं, कवी, कटकारस्थानं, प्रेमप्रकरणं. पुढे शार्लट आणि ब्रॅनवेल यांनी अँग्रिया नावाचं साम्राज्य उभारलं. धाकट्या दोघींनी वेगळं होऊन गोंडाल नावाचं स्वतःचं बेट वसवलं. शिपायांना वाचता यावीत अशा बेतानं मुलांनी तळहातात मावणारी पुस्तकं शिवली, आणि त्यांतलं अक्षर इतकं बारीक ठेवलं की मोठ्यांना ते वाचवेना.

मुलं मोठी झाली तरी खेळ संपला नाही. १८३५मध्ये एकोणीस वर्षांची शार्लट रो हेडच्या शाळेत शिकवू लागली. दिवसभर व्याकरण आणि शुद्धलेखन, आणि डोक्यात अँग्रियाचा राजा झामोर्ना. त्या दिवसांतली तिची टिपणं आज उपलब्ध आहेत. एका टिपणात ती लिहिते की डोळ्यांपुढे अँग्रियाचा एक प्रसंग लख्ख उभा राहिला होता, तेवढ्यात एक विद्यार्थिनी धडा घेऊन आली, आणि शार्लटला मळमळून येईल इतका संताप झाला. मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रात तिनं कबूल केलं आहे की ही कल्पनाशक्ती मला आतून खाऊन टाकते. पाद्र्याच्या या मुलीला ते सुख पापासारखंही वाटत होतं. अखेर १८३९च्या सुमारास तिनं अँग्रियाचा निरोप घेणारं एक छोटं टिपण लिहिलं. त्या रणरणत्या प्रदेशातून आता निघावं, जरा करड्या, शांत उजेडात राहावं, असं तिला वाटत होतं. पण इतक्या वर्षांच्या ओळखीचे चेहरे सोडून जाणं किती जड आहे, हेही तिनं त्यातच लिहून ठेवलं.

त्यानंतर तिनं जे केलं ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. ‘द प्रोफेसर’ ही तिची पहिली कादंबरी. प्रकाशकांनी नाकारलेली ही कादंबरी तिच्या मृत्यूनंतर १८५७मध्ये छापली गेली. तिच्या प्रस्तावनेत शार्लटनं स्वतःला घातलेला एक नियम सांगितला आहे. खरी माणसं जशी कष्टानं पुढे जाताना मी पाहिली तसाच माझा नायक पुढे जाईल, न कमावलेला एक शिलिंगही त्याच्या हाती पडणार नाही, एका फटक्यात तो श्रीमंत होणार नाही. तेरा वर्षं मनोराज्यात काढलेल्या बाईनं नेमकं पैशावर, न कमावलेल्या पैशावर बोट ठेवावं, हा मला योगायोग वाटत नाही. (‘जेन आयर’मध्ये हा नियम तिला पुरता पाळवला नाही. जेनला काकांकडून वीस हजार पौंडांचा वारसा मिळतो. पण तो मिळताच जेन त्याचे चार वाटे करून त्यातले तीन आतेभावंडांना देऊन टाकते.)

शार्लटच्या डोक्यात जे चाललं होतं ते आपल्या सगळ्यांच्याच डोक्यात कमी-अधिक चालतं. भांडी घासताना, एसटीच्या खिडकीशी, लांबलेल्या बैठकीत, झोप येण्याआधीच्या अर्ध्या तासात मन हातातलं काम सोडून कुठल्या तरी प्रसंगात शिरतं. काल सुचलं नाही ते चोख उत्तर आज देऊन होतं. विकून टाकलेल्या वाड्याच्या ओसरीवर पुन्हा बसता येतं. गेलेल्या आईशी बोलता येतं, आणि ती उत्तरही देते, तिच्याच लकबीत. परदेशी गेलेला मुलगा दारात उभा राहतो. अंथरुणाला खिळलेला माणूस शेताच्या बांधावरून चालून येतो. या सुखाला पैसा लागत नाही, कुणाची परवानगी लागत नाही, आणि दुसऱ्या कुणाला ते हिरावून घेता येत नाही. अशी मनं असणाऱ्यांपैकी मी एक आहे, आणि हा आनंद खराखुरा आहे हे मी छातीवर हात ठेवून सांगेन.

मेंदूच्या अभ्यासानं या आनंदाला गेल्या पंचवीस वर्षांत एक बैठक दिली आहे. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले मार्कस रेकल आणि त्यांचे सहकारी मेंदूचं चित्रण करत असताना एक विचित्र गोष्ट पुढे आली. माणसाला एखादं काम दिलं की मेंदूचे काही भाग जास्त काम करू लागतात, हे अपेक्षितच होतं. पण काही भागांचं काम उलट कमी होत होतं, आणि माणूस नुसता पडून राहिला की तेच भाग पुन्हा उजळत होते. २००१मध्ये रेकल यांनी या अवस्थेला ‘डिफॉल्ट मोड’ म्हटलं. कपाळामागचा मधला पट्टा, डोक्याच्या मागच्या बाजूचा आतला भाग आणि दोन्ही कडांचे काही भाग मिळून हे जाळं बनतं. आठवणी काढणं, पुढचं योजणं, दुसऱ्याच्या मनात काय चाललं असेल याचा अंदाज बांधणं, अशा वेळी ते कामाला लागतं. शरीराच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के असलेला मेंदू शरीराची सुमारे वीस टक्के ऊर्जा वापरतो, आणि अवघड गणित सोडवायला बसलं तरी हा खर्च अगदी थोडाच वाढतो. रिकामा बसलेला माणूस मेंदूच्या हिशेबात रिकामा नसतोच. २००९मध्ये कॅलिना क्रिस्टॉफ यांच्या गटानं दाखवलं की मन भरकटलेलं असताना या जाळ्याबरोबर नियोजनाची आणि निर्णयाची केंद्रंही जागी असतात. वर्गात खिडकीबाहेर बघणाऱ्या मुलाचं डोकं बंद पडलेलं आहे, असं म्हणणाऱ्या शिक्षकांनी हे जरूर वाचावं.

याहून मनाला भिडणारा प्रयोग लंडनचा आहे. मेंदूत खोलवर हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. त्याला इजा झाली तर नव्या आठवणी साठत नाहीत. डेमिस हसाबिस आणि एलेनॉर मॅग्वायर यांनी अशी इजा झालेल्या पाच रुग्णांना आठवणींबद्दल न विचारता कल्पना करायला सांगितली. समजा, तुम्ही एका सुंदर समुद्रकिनाऱ्यावर पहुडला आहात. काय दिसतं ते सांगा. इतर माणसं अशा वेळी वाळू, लाटा, नारळी, दूरची होडी असं चित्र जुळवत जातात. या रुग्णांना तुकडे सुचत होते, पण बहुतेकांना त्यांचं एक दृश्य जुळवता येत नव्हतं. २००७मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. (याच हसाबिस यांना पुढे २०२४मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, ते वेगळ्या कामासाठी.) भूतकाळ आठवणं आणि न घडलेलं रचणं, दोन्हींना एकच यंत्रणा लागते, असा याचा अर्थ. ज्या शक्तीनं आपण आईला आठवतो त्याच शक्तीनं आपण तिला आज बोलतं करतो.

दिवास्वप्नं पाहणारा माणूस दुःखीच असतो का? सिग्मंड फ्रॉइड यांनी १९०८मध्ये छापलेल्या निबंधात तसंच म्हटलं होतं: सुखी माणूस कल्पनेत रमत नाही, अतृप्त माणूसच रमतो. फ्रॉइडचा हा शिक्का कितीतरी वर्षं टिकला. तो पुसायचं काम केलं अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेरोम सिंगर यांनी. १९५०च्या दशकात, जेव्हा हा विषय प्रयोगशाळेत घ्यायला कुणी धजत नव्हतं, तेव्हा त्यांनी सामान्य, निरोगी माणसांच्या दिवास्वप्नांचा अभ्यास सुरू केला, आणि १९६६मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांना तीन जाती सापडल्या. एक खेळकर, रंगीत, काही तरी रचणारी. दुसरी अपराधाची, भीतीची, अपयशाची, जी त्याच त्या जखमेवर फिरत राहते. तिसरी म्हणजे खरं तर स्वप्नच नव्हे, कशावरच न टिकणारं मन. पहिल्या जातीची माणसं आजारी नसतात, असं सिंगर यांनी ठामपणे मांडलं.

हा भेद लक्षात न ठेवल्यानं २०१०मध्ये मोठा गोंधळ झाला. मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २,२५० प्रौढांना फोनवरच्या ॲपमधून दिवसात अवचित वेळी विचारलं की आता काय करताय, मन कुठे आहे, आणि कसं वाटतंय. ४६.९ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं, आणि अशा वेळी माणसं कमी सुखी होती. भरकटलेलं मन दुःखी असतं, हा मथळा सगळीकडे गाजला. पण कर्जाच्या हप्त्याची काळजी आणि अँग्रियाची राजधानी या दोन्हींना त्यात भरकटणंच म्हटलं होतं. त्यातलेच आकडे सुटे करून पाहिले तर खरं दुःख नकोशा विचारांच्या वाट्याला येतं. सुखद विचारांत असलेली माणसं काम मन लावून करणाऱ्यांइतकीच सुखी होती, मात्र अधिक सुखी नव्हती. मनोराज्याची बाजू घेणाऱ्या माझ्यासारख्यानं हे शेवटचं वाक्य झाकून ठेवता कामा नये.

मनोराज्यानं सर्जनशीलता वाढते, असाही एक लाडका दावा आहे. २०१२मध्ये बेंजामिन बेअर्ड आणि जोनाथन स्कूलर यांच्या प्रयोगात मध्ये सोपं, मन भरकटू देणारं काम दिलेल्यांना आधी हाताळलेल्या प्रश्नांवर जास्त नव्या कल्पना सुचल्या होत्या. पुढे इतरांनी तसा प्रयोग केला तेव्हा तोच निकाल हाती आला नाही. तेव्हा हा दावा अजून पक्का धरू नये.

धोके मात्र पक्के आहेत. फ्रान्समध्ये बोर्दो इथल्या रुग्णालयात अपघातात जखमी होऊन आलेल्या ९५५ वाहनचालकांना संशोधकांनी विचारलं की धडकेच्या आधी तुमचं मन कुठे होतं. निम्म्याहून अधिक जणांचं मन गाडी चालवण्यावर नव्हतं. ज्यांचं मन एखाद्या विचारात पार बुडालेलं होतं, ते स्वतः अपघाताला जबाबदार असण्याची शक्यता जवळजवळ दुप्पट होती. २०१२मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. मनात माणूस कुठेही जावा, पण हातात स्टिअरिंग असताना जाऊ नये, याला माझ्यालेखी अपवाद नाही.

दुसरा धोका घरात, बंद दाराआड असतो. २००२मध्ये इस्रायलच्या हैफा विद्यापीठातले एली सोमर यांनी आपल्या सहा रुग्णांबद्दल लिहिलं. ही माणसं दिवसाचे कित्येक तास एकाच, वर्षानुवर्षं चालत आलेल्या कथेत घालवत होती. अशा माणसांत पुढे वारंवार आढळलेल्या खुणा म्हणजे खोलीत येरझाऱ्या घालणं, हातात एखादी वस्तू सारखी फिरवत राहणं, तेच ते गाणं लावणं, आणि स्वप्न कुणी मोडलं तर अनावर चीड. रो हेडच्या वर्गातली शार्लट इथे हटकून आठवते. आपण रचतोय ते खरं नाही, हे त्यांना पुरतं ठाऊक असतं, त्यामुळे हा भ्रम नव्हे. पण अभ्यास, नोकरी, नाती सगळं हळूहळू सुटत जातं, आणि लाजेपोटी ते कुणालाच सांगत नाहीत. सोमर यांनी याला अपायकारक दिवास्वप्नांची अवस्था म्हटलं आणि सहकाऱ्यांबरोबर २०१६मध्ये ती मोजण्यासाठी सोळा प्रश्नांची पट्टी तयार केली. अमेरिकी मनोविकारांच्या अधिकृत यादीत तिला अजून जागा नाही, पण लक्ष न टिकण्याचा विकार, चिंता, नैराश्य, मंत्रचळ यांच्याबरोबर ती बऱ्याचदा आढळते. असं जगणाऱ्या कितीतरी जणांना प्रौढपणी हे नाव पहिल्यांदा वाचून, जगात मी एकटाच असा नाही, हे कळलं. आपल्याकडे ‘आळशी आहे’, ‘तंद्रीत असतो’ एवढ्यावर घरचे थांबतात. ज्याचे तास असे जात असतील आणि थांबवता येत नसतील, त्यानं मानसोपचारतज्ज्ञांना मोकळेपणानं सांगावं. त्यात लाजण्यासारखं काहीही नाही.

नियम मात्र सरसकट करता येत नाही. शार्लटनं अँग्रिया सोडली आणि ती लिहिती झाली. एमिलीनं गोंडाल कधीच सोडलं नाही. १८४५मध्ये, सत्ताविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर असताना, ॲनबरोबर यॉर्कच्या सहलीला गेली तेव्हा वाटभर दोघी गोंडालमधली पात्रं होऊन बोलत होत्या, आणि हे तिनं मोठ्या आनंदानं नोंदवून ठेवलं आहे. दोनच वर्षांनी तिची ‘वुदरिंग हाइट्स’ आली. ब्रॅनवेल याच खेळातला बिनीचा खेळाडू होता. चित्रकार होणार, कवी होणार म्हणता म्हणता दारू आणि अफू यांत खचत एकतिसाव्या वर्षी गेला. त्याचा दोष मी स्वप्नांवर टाकणार नाही. एका घरातल्या एकाच मनोराज्यातून तीन वेगळी आयुष्यं निघाली, एवढंच खरं.

तरी रोजच्या, साध्या मनोराज्यातही एक सूक्ष्म नुकसान आहे, आणि ते मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल ओटिंगेन यांनी जितकं स्वच्छ दाखवलं तितकं कुणी दाखवलेलं नाही. १९९१मध्ये त्यांनी वजन कमी करण्याच्या उपचारात सामील झालेल्या लठ्ठ स्त्रियांचा अभ्यास केला. आपण बारीक होऊ असा विश्वास ज्यांना होता त्यांचं वजन जास्त उतरलं. पण आपण किती छान दिसतोय, मैत्रिणी कशा थक्क झाल्यात, अशी गोड चित्रं ज्या रंगवत होत्या त्यांचं कमी उतरलं. पुढे जर्मनीतल्या पदवीधरांबाबत हेच आढळलं. चांगल्या नोकरीची स्वप्नं जास्त पाहणाऱ्यांना दोन वर्षांनी कमी नोकऱ्या सांगून आल्या होत्या, पगारही कमी होता. २०११मध्ये ओटिंगेन आणि हेदर कॅपेस यांनी तर रक्तदाबच मोजला. गोड चित्र रंगवल्यावर वरचा रक्तदाब उतरत होता, म्हणजे काम फत्ते झाल्यासारखं शरीर सैलावत होतं.

ऊसतोड मजुराला हंगामाआधीच उचल मिळते तशी मनोराज्य आपल्याला यशाची उचल देतं. टाळ्या आधीच वाजून झालेल्या असतात. फरक इतकाच, की मजुराची उचल मुकादम वसूल करतो, आणि मनाची उचल कुणी मागायला येत नाही. पंचतंत्रातल्या ब्राह्मणानं सातूच्या पिठाच्या मडक्याखाली पडल्या पडल्या शेळ्या, गाई, म्हशी, घोडे, वाडा, बायको आणि सोमशर्मा नावाचा मुलगा इतकं सगळं मिळवलं आणि मग लाथ मारून मडकं फोडलं. लहानपणापासून आपण त्या लाथेला हसतो. मला त्याची चूक लाथेच्या कितीतरी आधी दिसते: शेळीपासून वाड्यापर्यंत त्याच्या स्वप्नात एकही शेळी मेली नाही, काहीच आड आलं नाही.

ओटिंगेन यांचा उपायही तिथेच आहे. स्वप्न पाहा, पण ते रंगात आलं की लगेच स्वतःला विचारा, माझ्या आड काय येतंय. आधी इच्छा आणि मग अडथळा, याच क्रमानं. अडथळा ओलांडता येण्याजोगा असेल तर माणूस कामाला लागतो, नसेल तर ते स्वप्न सोडून देणं सोपं जातं.

गिरगावातल्या एका माणसानं हे कुणी न शिकवता केलं. १९१०–११च्या सुमारास धुंडिराज गोविंद फाळके मुंबईच्या तंबू थिएटरात येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट बघत होते. पडद्यावर ख्रिस्त होता आणि त्यांच्या मनात कृष्ण, राम, गोकुळ, अयोध्या. पुढे १९१७मध्ये ‘नवयुग’ मासिकातल्या लेखांत त्यांनी स्वतः हे सांगितलं आहे. ज्यानं कधी एक फूटही फिल्म खेचलेली नाही अशा माणसाचं ते मनोराज्यच होतं. पण त्यानंतरचं त्यांचं प्रत्येक पाऊल एकेका अडथळ्याच्या अंगावर गेलं. यंत्र माहीत नव्हतं, म्हणून मिळतील ते चित्रपट आणि पुस्तकं पाहत राहिले, इतके की डोळे बिघडले. पैसा नव्हता, म्हणून विम्याची पॉलिसी तारण ठेवून १९१२मध्ये लंडन गाठलं आणि कॅमेरा आणला. भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसेना, म्हणून वाटाण्याचं रोप उगवताना रोज थोडं थोडं चित्रित केलं आणि ‘अंकुराची वाढ’ नावाचा चिमुकला चित्रपट करून दाखवला. ‘राजा हरिश्चंद्र’मधल्या तारामतीच्या भूमिकेला बाई मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणाला लुगडं नेसवलं. पत्नी सरस्वतीबाई सगळ्या चमूचा स्वयंपाक करत आणि उरलेल्या वेळात फिल्मला भोकं पाडत, ती धूत. मे १९१३मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. त्या दिवशी थिएटरात मनात दिसलेला राम ‘लंकादहन’मधून पडद्यावर यायला १९१७ उजाडलं, आणि कृष्णाला त्याच्याही पुढचं वर्ष. १९१९च्या ‘कालिया मर्दन’मध्ये तर तो कृष्ण फाळक्यांच्याच घरातला होता, त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी.